यादी चावडीवर लागावी म्हणून

महाराष्ट्रातील शेतकऱ्याने निसर्गाचे जेवढे तडाखे सोसले, तेवढेच कागदाचेही सोसले आहेत. पाऊस हुलकावणी देतो, पूर येतो, वादळात उभी बाग आडवी होते. हे सारे डोळ्यांना दिसते. त्यानंतर जे घडते ते मात्र दिसत नाही. कोणीतरी शेतावर येतो, वा येतही नाही. कागदावर एक आकडा चढतो. तो आकडा तलाठ्याच्या दप्तरातून तहसील कचेरीत, तेथून जिल्ह्यात आणि मग मुंबईस जातो. काही महिन्यांनी कोणाच्या खात्यात पैसे जमा होतात, कोणाच्या होत नाहीत. असे का झाले, हे विचारायला गेलेल्या माणसाला बहुधा एकच उत्तर मिळते : ‘यादीत तुमचे नाव नाही.’

दुष्काळाचे आणि महापुरांचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. किती पाऊस पडला, किती माणसे व जनावरे दगावली, सरकारने किती खर्च केला, हे त्यांत सापडते. परंतु मदत कोणाला द्यायची हे कोणत्या कागदावर ठरले आणि तो कागद ज्याच्यासाठी लिहिला त्याला वाचता आला का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाच्या प्रकाशात पाहिला, तर एक गोष्ट स्पष्ट होते : मदतीचा नियम आणि मदतीची यादी जोवर कचेरीत बंद राहते, तोवर ती मदत म्हणजे मेहेरबानी असते; ती गावापुढे उघडी झाली, की तिचा हक्क होतो.

रोखे आणि पावत्या

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. ‘दख्खनचे दंगे’ या नावाने इतिहासात नोंदल्या गेलेल्या या उठावाचे एक वैशिष्ट्य अभ्यासकांनी वारंवार नमूद केले आहे. जमावाचा रोख मुख्यतः सावकाराच्या घरातील कागदांवर होता. कर्जाची खते आणि रोखे हिसकावून घ्यायचे व त्यांची होळी करायची, असा प्रकार गावोगाव घडला. ज्या कागदावर आपण अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे हे ज्याला कधीच कळले नाही, त्याने अखेर तो कागदच जाळला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथातही निरक्षर कुणबी आणि त्याच्याभोवतीचे लेखणीचे राज्य यांचे नाते हा मध्यवर्ती विषय आहे.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी केलेल्या या कायद्याची चर्चा बहुधा जमीन जप्तीवरील बंधनांपुरती होते. त्यातील एक साधी तरतूद मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. कर्ज फेडताना लेखी पावती मागण्याचा, वर्षाच्या हिशेबाचा उतारा मागण्याचा आणि पासबुक ठेवण्याचा हक्क त्या कायद्याने शेतकऱ्याला दिला. हिशेब ज्याच्याविषयी आहे त्याला तो पाहता आला पाहिजे, हे तत्त्व अशा रीतीने कायद्याच्या भाषेत आले. परंतु ते सावकाराला लागू झाले; सरकारच्या स्वतःच्या दप्तराला लागू होण्यास आणखी सव्वाशे वर्षे जावी लागली.

संहिता इंग्रजीत, दुष्काळ मराठीत

दंग्यांच्या पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, पावसाने दगा दिला आणि मुंबई व मद्रास इलाख्यांत भीषण दुष्काळ पडला. तो १८७८ पर्यंत चालला व त्यात पन्नास लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली असा अंदाज आहे. पाहणीसाठी पाठविलेले सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील मजुरी दिवसाला पौंडभर धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. १८७३-७४ च्या बिहारमधील दुष्काळात याच टेंपल यांनी सढळ हाताने खर्च केला होता व त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली होती. ते डाग धुऊन काढण्याची घाई त्यांना झाली होती, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. मजुरीच्या या कपातीविरुद्ध हजारो मजूर कामे सोडून निघून गेले.

त्या काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने केलेले काम विसरता येणार नाही. १८७० मध्ये स्थापन झालेल्या या सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे ‘सार्वजनिक काका’, आणि त्यांना मार्गदर्शन करणारे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि दुष्काळाची स्थिती वर्णन करणारी निवेदने सरकारकडे धाडली. सरकारी अहवालाशेजारी लोकांचा अहवाल ठेवण्याची पद्धत आपल्याकडे येथून रुजली असे म्हणावयास हरकत नाही. गावात काय घडले हे सांगण्याचा मक्ता एकट्या कचेरीकडे नाही, हा त्या कामाचा खरा अर्थ होता.

पुढे सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग बसला. त्याचा अहवाल १८८० मध्ये आला आणि त्यातून ‘फॅमिन कोड’ म्हणून ओळखली जाणारी दुष्काळसंहिता जन्मास आली. दुष्काळ केव्हा जाहीर करायचा, कामे केव्हा उघडायची, मजुरी किती द्यायची, ज्यांना काम करणे शक्य नाही अशा वृद्ध, अपंग व निराधार माणसांची यादी गावातल्या गावात कशी तयार करायची, शेतसाऱ्याची वसुली केव्हा थांबवायची, हे सारे त्या व्यवस्थेत नियमबद्ध झाले. याच सुमारास १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तगाई कर्जांचीही व्यवस्था लावून दिली. दयेच्या जागी नियम आला, हे त्या संहितेचे मोठे श्रेय मानले पाहिजे. तिची त्रुटीही तितकीच मोठी होती. नियम होता, पण तो इंग्रजीत होता व अधिकाऱ्याच्या टेबलावर होता. ज्याच्या पोटासाठी तो केला, त्याला तो अस्तित्वात आहे हेच ठाऊक नव्हते.

नियम सांगणे हाच अपराध

१८९६ मध्ये पुन्हा पाऊस पडला नाही. या वेळी सार्वजनिक सभेची सूत्रे लोकमान्य टिळकांच्या विचाराच्या मंडळींकडे होती. त्यांनी जे केले ते आजच्या भाषेत माहितीच्या अधिकाराचे आंदोलनच होते. दुष्काळसंहितेतील तरतुदी मराठीत उतरवून पत्रकांच्या व ‘केसरी’च्या द्वारे त्यांनी खेड्यापाड्यांत पोहोचविल्या. सभेचे प्रचारक गावोगाव गेले. पीक बुडाले असेल तर सारा तहकूब करण्याची तरतूद सरकारनेच केलेली आहे. तेव्हा घरातले किडूकमिडूक विकून वा कर्ज काढून सारा भरू नका, असे त्यांनी शेतकऱ्यांना सांगितले.

यातले एकही वाक्य त्यांनी पदरचे घातलेले नव्हते. सरकारचा नियम त्यांनी सरकारच्या प्रजेला वाचून दाखविला, इतकेच. तरीही सरकारला ते सहन झाले नाही. काही प्रचारकांवर खटले भरण्यात आले आणि मार्च १८९७ मध्ये गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. सार्वजनिक प्रश्नांवर सरकारशी पत्रव्यवहार करण्याचा तिचा अधिकार संपला.

या घटनेकडे केवळ स्वातंत्र्यलढ्यातील एक प्रसंग म्हणून पाहणे पुरेसे नाही. मदत देण्यास त्या सरकारचा तत्त्वतः विरोध नव्हता. संहिता त्यानेच केली होती. त्याला खुपले ते हे की, शेतकरी आता ‘द्या हो’ म्हणण्याऐवजी ‘नियमाप्रमाणे द्या’ म्हणू लागला. मेहेरबानी करणाऱ्याला हात पसरलेला आवडतो; हातात नियमाचा कागद असलेला माणूस त्याला उद्धट वाटतो. सरकारे बदलली, झेंडा बदलला, तरी हा स्वभाव सर्वस्वी गेला आहे असे कोणी म्हणू शकेल काय?

चार आणे की सहा आणे?

पिकाचे मोजमाप आण्यांत करण्याची पद्धत आपल्याकडे ‘आणेवारी’ या नावाने परिचित आहे. मुंबई इलाख्यात नियम असा होता की, पीक चार आण्यांपेक्षा कमी आले तर त्या वर्षीचा संपूर्ण सारा तहकूब व्हावा. चार ते सहा आण्यांच्या दरम्यान असले तर अर्धा. ऐकायला हे सोपे वाटते. पण पीक चार आणे आहे की सहा आणे, हे ठरवायचे कोणी?

त्या काळी मुंबई इलाख्यातच असलेल्या गुजरातच्या खेडा जिल्ह्यात १९१८ साली झालेला सत्याग्रह नेमका याच प्रश्नावर उभा राहिला. अतिवृष्टीने पिके बुडाली होती. शेतकरी म्हणत होते पीक चार आण्यांहून कमी आहे. महसूल अधिकारी म्हणत होते जास्त आहे. भारत सेवक समाजाच्या कार्यकर्त्यांनी गावांत जाऊन पाहणी केली. गांधीजींनी निःपक्ष चौकशी मागितली. ती नाकारण्यात आली आणि २२ मार्च रोजी नडियाद येथे सत्याग्रहाची घोषणा झाली. साराबंदी सुरू झाली, जनावरे व भांडीकुंडी जप्त होऊ लागली.

या लढ्याचा शेवट आपल्या विषयाच्या दृष्टीने विलक्षण आहे. जून महिन्याच्या प्रारंभी नडियादच्या मामलेदारांनी सांगितले की, ऐपतदारांनी सारा भरला तर गरिबांचा सारा तहकूब होईल. मग उघडकीस आले की, अशा आशयाचा हुकूम एप्रिलच्या २५ तारखेसच निघाला होता! मधल्या काळात जप्त्या चालूच होत्या. गरिबाला सवलत देणारा हुकूम कचेरीत होता आणि त्याच गरिबाची म्हैस दावणीतून सोडून नेली जात होती. लढा जिंकूनही गांधीजींना त्या शेवटात समाधान वाटले नाही, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. गरीब कोण हे ठरविण्याचा अधिकार लोकांना मिळाला नाही आणि हुकुमाचा लाभ फार थोड्यांच्या पदरी पडला, ही त्यांची खंत होती.

स्वातंत्र्यानंतर आणा गेला, पैसा आला, आणेवारीची ‘पैसेवारी’ झाली. हंगामात प्रथम नजर पैसेवारी, मग सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम पैसेवारी जाहीर होण्याची पद्धत पडली. ती पन्नास पैशांच्या आत आली तर जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, वसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी असे लाभ गावाला मिळू लागले. एका आकड्यावर अवघ्या गावाचे वर्ष अवलंबून असते. आणि तरीही तो आकडा कोणत्या शेतांतील पीककापणी प्रयोगांवरून निघाला, हे गावातील किती जणांना सांगता येईल? केंद्र सरकारने २०१६ साली दुष्काळ व्यवस्थापनाची नवी नियमपुस्तिका काढली आणि पाऊस, भूजल, जमिनीतील ओल, उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवाई असे नवे निर्देशांक आले. शास्त्राच्या दृष्टीने ही प्रगती खरी. पण तलाठ्याच्या नजरेशी निदान बांधावर उभे राहून वाद घालता येत होता. उपग्रहाशी वाद घालायचा तर त्याचा आकडा आधी हाती यायला हवा.

हजेरीपटावरची माणसे

१९७२ चा दुष्काळ अजूनही अनेक घरांतील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येतो. खडी फोडणारे हात, पाझर तलावांची कामे, सुकडीची पाकिटे ही त्या दुष्काळाची चित्रे आहेत. मे १९७३ च्या सुमारास जवळपास पन्नास लाख माणसे महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेला याच काळात राज्यव्यापी रूप मिळाले. पुढे तिचा कायदा झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरविणारा हा कायदा देशात पहिला होता आणि त्याचा महाराष्ट्राने अभिमान बाळगावा हे योग्यच आहे.

परंतु याच योजनेने मराठी भाषेला ‘बोगस हजेरीपट’ हा शब्दप्रयोगही दिला. कामावर नसलेल्यांची नावे, मृतांची नावे, एकाच माणसाच्या दोन ठिकाणी हजेऱ्या, असे प्रकार वारंवार उघडकीस आले. हजेरीपट मुकादमाच्या व अभियंत्याच्या ताब्यात. ज्यांची नावे त्यात होती त्यांना तो पाहण्याचा व्यवहारात काही मार्ग नव्हता. दिवसभर दगड फोडणाऱ्या बाईला आपल्या नावापुढे किती दिवस मांडले आहेत हे आठवड्याच्या पगाराला कळायचे, आणि तेव्हा तक्रार करून उपयोग नसायचा.

हीच व्यथा राजस्थानात वेगळ्या वाटेने बाहेर पडली. दुष्काळी कामांवरील किमान मजुरीसाठी झगडणाऱ्या माणसांनी १९९० मध्ये मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन केली. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह हे तिच्यातील प्रमुख कार्यकर्ते. त्यांच्या लक्षात आले की, मजुरीचा वाद मुळात कागदाचा वाद आहे. २ डिसेंबर १९९४ रोजी कोट किराना या गावी त्यांनी पहिली जनसुनवाई भरविली. हजेरीपट आणि खर्चाची बिले गावापुढे मोठ्याने वाचून दाखविण्यात आली. ज्याचे नाव वाचले तो उभा राहून म्हणायचा, ‘मी तेथे कधी कामाला नव्हतो.’ त्या वाचनासाठी कोणी तज्ज्ञ लागला नाही, लेखापरीक्षक लागला नाही. आपल्या गावातील माणसे ओळखणारे शेजारी तेवढे लागले. १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले आणि माहितीच्या अधिकाराची मागणी देशभर पोहोचली.

महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी याच मागणीसाठी केलेल्या उपोषणांनंतर २००३ मध्ये राज्याच्या माहिती अधिकार कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा देशात लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमात एक तरतूद आहे, जी प्रत्येक शेतकऱ्याने पाठ करावी. अनुदानाचे कार्यक्रम कसे राबविले जातात, त्यांसाठी किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे प्रत्येक सरकारी कार्यालयाने कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता आपणहून प्रसिद्ध केले पाहिजे. १८९७ मध्ये जे सांगितल्याबद्दल सार्वजनिक सभेची मान्यता गेली, ते सांगणे आता सरकारचेच कर्तव्य झाले.

श्रीमंत देशातील तीच गोष्ट

हा प्रश्न गरीब देशांचा व निरक्षर शेतकऱ्यांचाच आहे, असा समज होऊ नये म्हणून अमेरिकेतील अनुभव थोडक्यात पाहू. तेथेही शेतीला मिळणारे सरकारी पैसे कोणाला जातात हे दीर्घकाळ झाकलेले होते. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्राने कृषिखात्याविरुद्ध दावा लावला आणि १९९६ मध्ये न्यायालयाने कापूस उत्पादकांना दिलेल्या रकमांची माहिती उघड करण्याचा निर्णय दिला. शेतकऱ्यांच्या खाजगीपणापेक्षा सार्वजनिक पैशाविषयीचे लोकहित मोठे आहे, असा त्याचा आशय होता. त्यानंतर ‘एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप’ या संस्थेने अनुदान घेणाऱ्यांची नावे व रकमा सर्वांना पाहता येतील अशा रीतीने मांडल्या. २००६ मध्ये त्याच वृत्तपत्राने दाखवून दिले की, दुष्काळग्रस्त पशुपालकांसाठीच्या योजनेतून जेथे दुष्काळाची झळ पोहोचलीच नव्हती अशा ठिकाणीही पैसे वाटले गेले होते. या साऱ्यातून घेण्यासारखा बोध असा की, माणसे साक्षर असली आणि बँका संगणकीकृत असल्या, तरी यादी उघडल्याशिवाय दोष दिसत नाही.

आजची यादी

आता आपल्या काळाकडे वळू. २००८ मध्ये केंद्र सरकारने देशव्यापी शेतकरी कर्जमाफी केली. ती आपत्तीची मदत नव्हती, परंतु कोट्यवधी शेतकऱ्यांच्या याद्यांवर उभी असलेली एवढी मोठी योजना क्वचितच झाली असेल. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा त्यावरील अहवाल मार्च २०१३ मध्ये संसदेपुढे आला. माफी मिळालेली ८०,२९९ खाती तपासली असता त्यांतील साडेआठ टक्के अपात्र निघाली. उलट, ज्यांना माफी मिळाली नव्हती अशी ९,३३४ खाती तपासली, तेव्हा त्यांतील १,२५७ शेतकरी पात्र असूनही वगळलेले आढळले. आणि ६१,७९३ खात्यांपैकी २१,१८२ खात्यांत, शेतकऱ्याला माफीचे प्रमाणपत्र दिल्याचा पुरावाच नव्हता.

या तीन आकड्यांतला पहिला वर्तमानपत्रांत गाजला. दुसरा आणि तिसरा तितकेच महत्त्वाचे आहेत. यादी उघडी नसली की घुसखोरांचे फावते, हे आपण सर्व जाणतो. पण यादी उघडी नसली की हक्काचा माणूस निमूटपणे गळतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. कारण गळलेला माणूस कोठेच नोंदला जात नाही. पारदर्शकतेचा आग्रह चोर पकडण्यासाठी आहे, त्याहून अधिक तो या गळलेल्या माणसासाठी आहे.

आपत्तीच्या मदतीचे नियम आज बरेच स्पष्ट आहेत. पूर्वी पिकाचे निम्मे नुकसान झाल्याखेरीज मदत मिळत नसे; २०१५ पासून ही मर्यादा ३३ टक्क्यांवर आली. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरविलेल्या निकषांनुसार जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये असा दर होता. क्षेत्राची मर्यादा दोन हेक्टर. राज्य सरकार प्रसंगी त्यात भर घालते. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर ७ ऑक्टोबर रोजी महाराष्ट्र सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची एकूण मदत जाहीर केली. पंचनामे संगणकावर चढतात, शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो, आधारची खातरजमा होते आणि रक्कम थेट बँकेत जाते. मधला हात गेला, असे म्हटले जाते.

तो खरोखरच गेला काय? जालना जिल्ह्यातील अंबड व घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानाचे प्रकरण २०२५ मध्ये उघडकीस आले. बनावट नावांवर आणि वाढीव क्षेत्रांवर अनुदान उचलले गेल्याचे चौकशीत पुढे आले, महसूल कर्मचारी निलंबित झाले व गुन्हे दाखल झाले. संगणकाने पैसे अचूक खात्यात पोहोचविले. परंतु खाते कोणाचे असावे हे यादीच ठरवते, आणि यादी माणसेच लिहितात. त्या याद्या वेळीच गावागावांत मोठ्याने वाचल्या गेल्या असत्या, तर ‘या नावाची जमीन आमच्या शिवारात नाही’ हे सांगायला चौकशी समितीची गरज पडली नसती.

खाजगीपणाचा आक्षेप

येथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. मदत घेणे हा कमीपणा नव्हे, तरी आपली अडचण चारचौघांत जाहीर व्हावी असे कोणाला वाटत नाही. शिवाय नाव, खाते क्रमांक, आधार क्रमांक उघडे पडले तर फसवणुकीची भीती आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमातील वैयक्तिक माहितीविषयीचा अपवाद अधिक व्यापक केला, आणि त्यामुळे यादी नाकारण्यास एक नवे कारण अधिकाऱ्यांना मिळेल अशी धास्ती अनेक कार्यकर्त्यांनी व्यक्त केली आहे.

यात विवेक करणे अवघड नाही. खाते क्रमांक, आधार क्रमांक, दूरध्वनी यांचा लोकांशी संबंध नाही. ते झाकलेलेच असावेत. परंतु शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र व मंजूर रक्कम ही सार्वजनिक पैशाची नोंद आहे. सातबारा कोणालाही पाहता येतो. त्याच सातबाऱ्यावर दिलेली मदत मात्र गुप्त ठेवायची, याला तर्क नाही. गरिबाची लाज राखण्याच्या नावाखाली बहुधा सबळाचीच लाज राखली जाते. खरा गरजू यादीत आपले नाव दिसल्याने खजील होत नाही. ते न दिसल्याने तो उद्ध्वस्त होतो.

उघड्या यादीने आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे यादीच्या नियमातच असलेला अन्याय. अर्धेलीने वा खंडाने कसणारा, वनजमिनीवर राबणारा, सासरच्या सातबाऱ्यावर नाव नसलेली विधवा, यांनी बियाणे पेरले आणि नुकसानही त्यांचेच झाले, पण मदत गेली ज्याचे नाव उताऱ्यावर आहे त्याला. शेतमजुराची बुडालेली मजुरी तर कोणत्याच रकान्यात बसत नाही. यादी बंद असली की हे सारे दैवाच्या खात्यावर जमा होते; उघडी असली की नियम बदलण्याची मागणी करता येते.

आपल्या अंगणात

वसई-पालघरच्या किनाऱ्याला हा विषय परका नाही. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाचा तडाखा आपल्या किनारपट्टीने अनुभवला आहे. येथील वाड्या गुंठ्यांच्या. सातबाऱ्यावर कधी आजोबांचे नाव, कधी चार चुलत्यांची, कधी परदेशी स्थायिक झालेल्या भावंडांची. वारसनोंद राहून गेली की पंचनाम्याला आलेल्या माणसाला कोणाचे नाव लिहावे हेच कळत नाही, आणि जो प्रत्यक्ष बाग शिंपतो तो रिकाम्या हाताने राहतो. आपत्ती येण्यापूर्वी करायचे पहिले काम हे आपल्या घरातील कागद सरळ करण्याचे आहे.

दुसरे काम गावाचे आहे. आपल्या धर्मग्रामांतील पतपेढ्यांच्या वार्षिक सभांत सभासद अहवालाचे पान न् पान उलटून खर्चाच्या बारीकसारीक रकमेविषयी प्रश्न विचारतात. ही आपली चांगली परंपरा आहे. तीच माणसे सरकारी मदतीच्या यादीविषयी मात्र ‘आपल्याला काय करायचे?’ म्हणून गप्प बसतात. वास्तविक ते पैसेही आपलेच आहेत. पंचनामा झाला की त्याची प्रत मागावी; किती क्षेत्र व किती टक्के नुकसान लिहिले ते तेथेच वाचून पाहावे. मंजूर यादी ग्रामपंचायतीच्या वा तलाठी कार्यालयाच्या फलकावर लावण्याची मागणी करावी आणि ती ग्रामसभेत वाचून घ्यावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दोघा तरुणांनी बसून ती वाचावी. सातबाऱ्याच्या चावडीवाचनाची पद्धत महसूल खात्याला अपरिचित नाही. मदतीच्या यादीचे चावडीवाचन तीच पद्धत पुढे नेईल.

सुप्याच्या शेतकऱ्यांपुढे कागद जाळण्यावाचून दुसरा उपाय उरला नव्हता. १८९६ मध्ये ज्यांनी कागद वाचून दाखविला त्यांना शिक्षा झाली. खेड्याच्या शेतकऱ्यापासून हुकूमच दडविला गेला. आज आपल्या हाती कायदा आहे, अक्षरओळख आहे, आणि कागद मागणाऱ्याला तुरुंगात घालण्याचे दिवसही राहिलेले नाहीत. पुढच्या वादळानंतर यादी तयार होईल तेव्हा ती वाचायला आपण चावडीवर जाऊ की नाही, एवढाच प्रश्न शिल्लक आहे. आपले नाव पाहून परत फिरू नये. शेजारच्या विधवेचे नाव आहे का, तेही पाहावे.